हवेचा सातबारा कोणाच्या दप्तरात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अक्षरओळख असो वा नसो, सातबारा म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. जमीन कोणाची, कसतो कोण, पीक कोणते, बोजा किती, हे सारे त्या एका कागदावर असते आणि तो कागद मागण्याचा हक्क आपल्याला आहे हेही त्याला पक्के ठाऊक असते. नोंदीत बदल करावयाचा झाल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तलाठ्याला त्या फेरफाराची प्रत चावडीवर लावावी लागते, ज्यांचा संबंध पोहोचतो त्यांना लेखी कळवावे लागते, हरकत आल्यास तिची चौकशी व्हावी लागते. त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणीही म्हणणार नाही. दप्तर ज्याच्या काखेत त्याच्या मुठीत गाव, हा अनुभव जुना आहे आणि जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्ण्याच्या लेखणीवर जे कोरडे ओढले ते उगाच नव्हेत. परंतु तत्त्व म्हणून एक गोष्ट तेथे मान्य झालेली आहे. ज्याच्या पोटापाण्याशी नोंदीचा संबंध आहे, त्याच्या दृष्टीआड ती नोंद पक्की होता कामा नये.

हवेच्या बाबतीत हे तत्त्व व्यवहारात उतरलेले नाही. नोंद होत नाही असे मात्र नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अत्यंत प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना आपल्या धुराड्यांत अहोरात्र मोजणी करणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून सिमेंट, खत, तेलशुद्धीकरण, औष्णिक वीज, पोलाद अशा कारखान्यांच्या धुराड्यांतले आकडे दर काही मिनिटांनी मंडळांच्या संगणकात जाऊन पडत असतात. म्हणजे आकडा कारखानदाराजवळ आहे, शासनाजवळ आहे. कुंपणापलीकडच्या वस्तीत जी बाई रात्री अडीच वाजता खोकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसते, तिच्याजवळ मात्र तो नाही. तिने विचारले तर तिला ‘सर्व काही मर्यादेत आहे’ असे सांगितले जाते. मर्यादा कोणती, कोणत्या वायूची, कोणत्या घटकेची, आणि मोजले कोणी, हे चार प्रश्न या एका वाक्याच्या पोटात गडप होतात. आजचा विषय म्हणजे हेच चार प्रश्न.

धूर मोजण्याची विद्या प्रथमपासून अशी गूढ नव्हती. मुंबई इलाख्यात गिरण्यांच्या धुराचा उपद्रव रोखण्यासाठी १९१२ साली कायदा झाला. त्या काळी धूर मोजायचा तो डोळ्यांनी. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधा तक्ता तयार केला होता. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगाच्या चढत्या छटांचा हा तक्ता समोर धरावा, धुराड्याकडे पाहावे आणि धूर कोणत्या छटेशी जुळतो ते लिहावे. शाळकरी मुलालाही हे जमावे. मालकाने काहीही सांगितले तरी रस्त्यावरचा माणूस तक्ता धरून त्याला खोटे पाडू शकत होता. पुढे कोळशाच्या काळ्या धुराची जागा न दिसणाऱ्या वायूंनी घेतली. गंधकाचा डायऑक्साइड दिसत नाही, बेंझिन दिसत नाही, अडीच मायक्रॉनचा कण डोळ्याला जाणवत नाही. मोजण्यासाठी उपकरण आले, उपकरणाला मालक आला आणि आकडा त्या मालकाचा झाला. विज्ञानाची प्रगती झाली हे खरेच. परंतु या प्रगतीत शेजाऱ्याच्या हातचा तक्ता निसटून गेला, हे आपल्या चळवळीच्या ध्यानात यावे तेवढे आलेले नाही.

आकडा लपविल्याने काय होते याचे उत्तर भोपाळने १९८४ साली दिले आहे. २ डिसेंबरच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचा इतिहास मात्र विसरला जातो. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच तज्ज्ञांनी त्या कारखान्याची सुरक्षा-पाहणी केली होती आणि गंभीर उणिवा लिहून ठेवल्या होत्या. तो अहवाल कंपनीच्या कपाटात राहिला. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हा तरुण पत्रकार आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला सावध करीत होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण कंपनीचा शब्द अधिकृत आणि त्याचा शब्द अनधिकृत. घटना घडली त्या रात्री जयप्रकाशनगरातल्या माणसांना आपल्या अंगावर काय येत आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून ती वाऱ्याबरोबर धावली. तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे गेले तर वाचण्याची आशा असते, एवढी साधी गोष्टही त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही वायू कोणता हे वेळेवर कळले नाही. वायू सुटला ही दुर्घटना. अज्ञान ही दुर्घटना नव्हती, ती वर्षानुवर्षे जपलेली व्यवस्था होती.

भोपाळनंतर कायदे झाले आणि ते कागदावर बरेच चांगले आहेत. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात एक नवे कलम आले. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराने त्या धोक्याची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील सर्वसामान्य जनतेला दिली पाहिजे, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले होते. १९८९ च्या नियमांनी मोठ्या अपघाताची झळ ज्यांना लागू शकते त्यांना आधीच माहिती देण्याचे बंधन घातले. १९८१ च्या वायू अधिनियमात तर मुळातच एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. त्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे राज्य मंडळाने संमती दिलेल्या कारखान्यांची व त्यांना लागू केलेल्या उत्सर्जन-मानकांची नोंदवही ठेवावयाची आहे आणि त्या मानकांशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याच्यावर त्यांचा परिणाम होतो अशा कोणाही व्यक्तीला ती वाजवी वेळी पाहावयास खुली ठेवावयाची आहे. ही नोंदवही पाहावयास मंडळाच्या कार्यालयात किती गावे गेली असतील? माहिती गोळा करणे आणि ती प्रसृत करणे हे मंडळाचे कामच आहे, असे त्याच कायद्याचे १७ वे कलम सांगते. मंडळांनी पहिले अर्धे काम थोडेफार केले आणि दुसरे अर्धे दप्तरदाखल केले.

याउलट ज्या तरतुदीत नागरिकाला हत्यार मिळावयाचे तेथे कायदेकर्त्यांनी हात आखडता घेतला. नागरिकाला स्वतः फिर्याद करण्याचा हक्क १९८७ साली मिळाला. त्यासाठी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि फिर्यादीने मागितल्यास मंडळाने आपल्याजवळचे अहवाल त्याला दिले पाहिजेत, असेही म्हटले आहे. परंतु ते देणे ‘सार्वजनिक हिताविरुद्ध’ आहे असे मंडळाला वाटल्यास ते नकार देऊ शकते. ज्या जनतेच्या फुप्फुसात तो वायू जातो, तिला तो आकडा कळणे जनतेच्याच हिताविरुद्ध कसे, याचा खुलासा कायद्यात नाही. बाटलीत भरलेला धूर आणि कोर्टातला पुरावा यांचेही नाते असेच आहे. कारखान्याचा धूर पुरावा म्हणून धरावयाचा तर २६ व्या कलमाप्रमाणे मालकाला आधी नोटीस द्यावी लागते, नमुना त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या देखत सीलबंद व्हावा लागतो. चोराला वर्दी देऊन पहारा घालण्यासारखेच हे. आता २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, १ एप्रिल २०२४ पासून, वायू अधिनियमातील मानकभंगाबद्दलची कैद जाऊन तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आलेला आहे. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे खर्चाच्या वहीतली आणखी एक ओळ. तुरुंगाचा धाक गेल्यावर जो काही धाक शिल्लक राहतो तो लोकलज्जेचा. आणि लोकांना आकडाच कळला नाही तर लज्जा कशाची?

मुंबईतील माहुलचे उदाहरण यासाठी विस्ताराने पाहण्यासारखे आहे. तुर्भे-चेंबूरच्या पट्ट्यात १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना आला, वीज केंद्र आले, रसायने साठविणाऱ्या टाक्यांची रांग उभी राहिली. कोळ्यांचे जुने गाव त्यांच्या मधोमध सापडले. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले ते काही कालपरवा नव्हे. तरीही प्रत्येक पिढीला तेच उत्तर मिळत गेले, की मोजणी मर्यादेत आहे. अखेर माहुल व आंबापाडा येथील रहिवासी हरित न्यायाधिकरणापुढे गेले. केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने २०१३ साली तेथे केलेल्या पाहणीत सुमारे ६७ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे आणि ८४ टक्क्यांच्या वर लोकांना छातीत कोंडल्यासारखे होत असल्याचे आढळले होते. न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये या भागातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला प्रत्यक्ष धोका असल्याचा निर्वाळा दिला. हे सारे सरकारी दप्तरात नोंदलेले. आणि २०१७ पासून काय झाले? तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील हजारो कुटुंबांना ‘पुनर्वसन’ म्हणून याच माहुलच्या इमारतींत आणून टाकण्यात आले. एका कार्यालयात हवा अपायकारक असल्याचा निकाल पडून आहे आणि दुसऱ्या कार्यालयात त्याच हवेतील घरांच्या चाव्या वाटल्या जात आहेत! ज्यांना चावी दिली त्यांना तो निकाल वाचून दाखविला असता तर किती जणांनी चावी घेतली असती? त्या कुटुंबांना पुढे रस्त्यावर बसावे लागले, उच्च न्यायालयात जावे लागले. माहिती न देणे हा येथे निष्काळजीपणा राहिला नाही; गरिबांना कोठे टाकावयाचे हे ठरविणाऱ्या धोरणाचाच तो भाग झाला.

‘मर्यादेत आहे’ या शब्दांकडे आता थोडे अर्थशास्त्राच्या शिस्तीने पाहू. सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. दोन जेवणारे आणि एक उपाशी, तरी सरासरी पोट भरलेलेच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकांचा समावेश आहे. त्यांपैकी बेंझिनचे, म्हणजे कर्करोगकारक ठरलेल्या वायूचे, मानक हे केवळ वार्षिक सरासरीचे आहे. घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. एका रात्री वस्तीवरून बेंझिनचा लोट गेला तरी वर्षाच्या सरासरीत तो विरघळून जाईल आणि मानकाचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ वेळा मोजणी करण्याचा नियम आहे. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस वही कोरी. हिवाळ्यातल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उष्ण थराखाली कोंडली जाते आणि धूर वर न जाता वस्तीतच साचतो. कारखान्याच्या शेजारी राहणारा प्रत्येक जण सांगेल की वास येतो तो रात्री. आणि एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेला, वर्तमानपत्रांतून व फोनवर दिसणारा तो हवेचा निर्देशांक? त्यात आठ प्रदूषक मोजले जातात. कुजक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यात नाही, बेंझिन नाही, रासायनिक वसाहतींतून निघणारी बाष्पशील द्रव्ये नाहीत. डोंबिवलीत किंवा तारापूरला वासाने डोके धरून बसलेल्या माणसाला फोन सांगतो, हवा ‘समाधानकारक’ आहे. खोटा कोण, माणूस की फोन? दोघेही नव्हेत. विचारलेला प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असा तो प्रकार आहे. शहराची हवा कशी आहे हा एक प्रश्न. या धुराड्यातून आज रात्री काय सुटले हा निराळा. शेजाऱ्याला दुसऱ्याचे उत्तर हवे असते.

बरे, मोजणारा तरी कोणाचा? १९९६ साली गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे त्रयस्थ लेखापरीक्षकांकडून कारखान्यांचे पर्यावरण-परीक्षण करण्याची पद्धत आली. परीक्षक त्रयस्थ खरा, परंतु त्याला निवडणार कारखानदार आणि पैसेही देणार कारखानदारच. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या चार अर्थशास्त्रज्ञांनी तेथे प्रत्यक्ष प्रयोग करून २०१३ साली जे प्रसिद्ध केले ते वाचण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत परीक्षकांचे आकडे मर्यादेच्या अगदी किंचित खाली गर्दी करून बसलेले आढळले. फेरतपासणी केली तेव्हा खरी स्थिती निराळी होती. मग काही कारखान्यांना परीक्षक सोडत काढून नेमून दिला, त्याचे मानधन एका सामायिक निधीतून दिले आणि त्याचे काम अधूनमधून परत तपासले. एवढ्याने कारखाना मर्यादेत असल्याची खोटी ग्वाही देण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. माणसे तीच, उपकरणे तीच. पगार देणारा हात बदलला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढेच ते शास्त्र. म्हणून जो कार्यकर्ता केवळ ‘आकडे द्या’ एवढीच मागणी करील त्याला आकडे मिळतील, ढिगाने मिळतील, आणि त्यांचा उपयोग कारखान्याच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून होईल. मोजणारा कोणाच्या ताटाखालचा, हा प्रश्न मागणीच्या आधीच यावयास हवा.

माहिती उघड केल्याने खरोखर काही फरक पडतो काय, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर अनुभवाने द्यावे लागेल. भोपाळनंतर आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९८५ मध्ये, त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यातून विषारी वायू गळला आणि शंभरावर माणसे इस्पितळात गेली. भोपाळच्या मृतांनी जे झाले नाही ते स्वदेशीच्या या गळतीने झाले, हा त्या देशाच्या विवेकाचा नमुना म्हणावा लागेल. पण १९८६ साली तेथे शेजाऱ्यांच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला खरा. प्रत्येक मोठ्या कारखान्याने कोणते विषारी द्रव्य वर्षभरात किती सोडले हे नावानिशी जाहीर करावयाचे, एवढाच त्याचा गाभा. मर्यादा नाही, दंड नाही, केवळ जाहीर करणे. पहिले आकडे लोकांसमोर येण्याच्या आधीच, १९८८ साली, मोन्सॅन्टो कंपनीने हवेत सोडली जाणारी आपली विषारी द्रव्ये १९९२ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. ही कंपनी एका रात्रीत धर्मात्मा झाली असे मानण्याचे कारण नाही. आपण किती फेकतो याचा हिशेब मालकांनाच प्रथम एकत्रित स्वरूपात दिसला, आणि तोच शेजाऱ्यांनाही दिसणार हे कळले. इंडोनेशियाने १९९५ साली याहून सोपा मार्ग काढला. जलप्रदूषणाबाबत १८७ कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, लाल व काळा असे रंग दिले. जवळजवळ दोन-तृतीयांश कारखाने लाल-काळ्यांत निघाले. आकडा ज्याला वाचता येत नाही त्याला रंग कळतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जून २०१७ मध्ये धुराड्यातील कणांच्या मोजणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. पाऊल स्वागतार्ह, परंतु ती योजना कणांची होती, वायूंची नव्हे, आणि संकेतस्थळावरचे तारे कारखान्याच्या फाटकावर उतरले नाहीत तर खाडीकाठच्या कोळणीला त्यांचा उपयोग काय? फाटकावरच्या फलकाचा आदेश तर सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजीच दिला आहे. घातक द्रव्यांचे साठे, हवेत व पाण्यात जाणारे उत्सर्जन हे सारे मुख्य दाराबाहेर लिहावयाचे. असे फलक औद्योगिक वसाहतींतून दिसतातही. कित्येकांवरचे इंग्रजी आकडे उन्हाने पुसट झालेले असतात आणि कोणत्या महिन्याचे ते कळत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत याच न्यायालयाने अहोरात्र मोजणीचे आकडे मंडळांच्या संकेतस्थळांवर जनतेला दिसतील असे ठेवण्यास सांगितले. न्यायालयाने सांगून झाले. आता विचारणारे हवेत.

येथे अर्थशास्त्राच्या इतिहासातील एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० च्या आपल्या ग्रंथात कारखान्याच्या धुराचे नुकसान कारखानदाराच्या हिशेबात येत नाही हे मांडले, हे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. त्याचा पुरावा कोणता होता हे मात्र शिकविले जात नाही. तो होता मँचेस्टरच्या कामगारवस्तीतील कपडे धुण्याचा खर्च! १९१८ साली तेथील शंभर कामगार कुटुंबांचा धुण्याचा खर्च स्वच्छ हवेच्या एका गावातील शंभर कुटुंबांशी ताडून पाहिला गेला आणि साऱ्या शहराचे जादा धुणे वर्षाला २ लाख ९० हजार पौंडांचे भरले. म्हणजे प्रदूषणाच्या अर्थशास्त्रातील या प्रसिद्ध आकड्याचा उगम प्रयोगशाळेत नव्हता, तो गृहिणीच्या साबणात होता. पुढे १९५० साली कॅप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. हा मनुष्य काही काळ पुण्याच्या गोखले संस्थेतही अभ्यासाला होता. नफा मालकाच्या खात्यात आणि खर्च शेजाऱ्याच्या छातीत, ही विभागणी अपघाताने होत नाही, ती या उत्पादनपद्धतीच्या रचनेतच आहे, असे त्याचे म्हणणे. आकडा झाकून ठेवणे हा त्याच रचनेचा खिळा आहे. खर्च दिसला तर मागता येतो.

मँचेस्टरच्या त्या धुण्याची आठवण व्हावी असे काम तामिळनाडूत कडलूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी झाले. तेथील गावकऱ्यांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, वासाची रोजनिशी ठेवावयास सुरुवात केली. किती वाजता, कसला वास, वारा कोठून, त्रास काय. सडक्या कोबीचा, नखरंगाचा, कुजक्या अंड्याचा, अशा ओळखीच्या शब्दांत. त्यानंतर प्लास्टिकची बादली, आत एक विशिष्ट पिशवी आणि हवा ओढणारा छोटा पंप अशा साधनाने त्यांनी हवेचे नमुने घेतले. ही युक्ती कॅलिफोर्नियातील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजाऱ्यांनी १९९० च्या दशकात वापरात आणलेली. २००४ साली कडलूरचा अहवाल प्रसिद्ध झाला. २२ विषारी वायू सापडले होते आणि त्यांपैकी ८ कर्करोगाशी निगडित होते. ज्यांची नावेही मंडळाच्या मोजणीत नव्हती असे वायू मच्छीमार गावांनी मोजून दाखविले. बेंझिनला राष्ट्रीय मानकांत जागा मिळाली ती यानंतर पाच वर्षांनी. रोजनिशीला खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा असतो, हे अभ्यासवर्गाने विशेष लक्षात ठेवावे.

आता या विषयातील खरी अडचण. कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगार संघटना आहे आणि फाटकाबाहेर वस्ती आहे, आणि दोन्हीकडे आपलेच कार्यकर्ते आहेत. आकडे बाहेर गेले की कारखाना बंद पडेल, हे भय आतल्या कामगाराला दाखविले जाते; आणि ते भय पोकळ आहे असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा होईल. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योग बंद करून शहराबाहेर नेण्याचा आदेश दिला. हवा शुद्ध करण्याचा हेतू चांगलाच होता. कामगारांना भरपाई द्यावयाची असेही निकालात होते. प्रत्यक्षात असंख्य कामगार नोकरीला मुकले, आणि रिकाम्या झालेल्या जमिनींचे मोल मात्र कमी झाले नाही. मुंबईकरांना गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सांगावयास नको. प्रदूषणाचा आकडा बांधकाम व्यावसायिकाच्या हाती पडला की त्याचे पर्यावरणप्रेम उफाळून येते. म्हणून ‘कारखाना हटवा’ ही घोषणा देताना समाजवादी कार्यकर्त्याने दहादा विचार करावा. ‘कारखाना उघडा करा’ ही घोषणा वेगळी आहे. जो वायू भिंतीपलीकडे पातळ होऊन पोहोचतो तो भिंतीच्या आत दाट असतो. त्याचा पहिला बळी कामगारच आहे. गळती कोणत्या झडपेतून होते, रात्रपाळीत गाळणयंत्र कधी बंद ठेवले जाते, हे मंडळाच्या अधिकाऱ्याला कळावयाच्या आत कामगाराला ठाऊक असते. तो बोलत नाही कारण त्याला, विशेषतः कंत्राटी कामगाराला, दुसऱ्या दिवशी फाटकातच अडविले जाईल. तेव्हा वस्तीच्या मागण्यांत पहिली मागणी अशी असली पाहिजे, की माहिती देणाऱ्या कामगाराला संरक्षण मिळावे, आणि दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला तर त्या दिवसांचा पगार मालकाने द्यावा. ही मागणी वस्तीने केली तरच फाटकाच्या आतला माणूस वस्तीला आपली मानील. युनियनने ती करावी आणि वस्तीने दुसरी करावी, असे चालणार नाही.

सातबाराकडे पुन्हा वळण्याचे कारण येथे आहे. राजस्थानात कोटकिराना येथे डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. तीत विकासकामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचण्यात आले. कागद बोलू लागला आणि मेलेल्या माणसांची मजुरी कोणी उचलली ते गावानेच सांगितले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे त्या वाचनाचे बळ होते. उत्सर्जनाची वही तशीच ग्रामसभेत, वस्तीच्या बैठकीत वाचली गेली पाहिजे. कारखान्याचा महिन्याचा आकडा मराठीत, कोणत्या धुराड्याचा, कोणत्या तासाचा उच्चांक किती, यंत्र बंद किती तास होते, हे लिहून चावडीवर लागावे. पंधरा दिवस हरकतींना द्यावेत. ‘१२ तारखेच्या रात्री वास आला आणि वहीत यंत्र बंद दिसते’, अशी हरकत एखाद्या बाईने आपली रोजनिशी पुढे ठेवून घेतली की मंडळाला चौकशी करून लेखी उत्तर द्यावे लागावे. त्यानंतरच तो आकडा प्रमाणित समजावा. जमिनीच्या नोंदीला जो मान आहे त्याहून श्वासाच्या नोंदीला कमी मान का असावा?

यावर दोन आक्षेप हटकून येतात. व्यापारी गुपिताचा आक्षेप पहिला. उत्पादनाची कृती हे गुपित असू शकेल. धुराड्यातून बाहेर पडून दुसऱ्याच्या घरात शिरलेली वस्तू गुपित कशी राहते? माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गुपिताचे कलम व्यापक जनहितापुढे मागे सरते. दुसरा आक्षेप घबराटीचा. लोकांना आकडे कळत नाहीत, ते घाबरतील. जो मनुष्य बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचून पेरतो, सहकारी साखर कारखान्याच्या उताऱ्याचा दशांश तोंडपाठ सांगतो आणि दुधाच्या फॅटवरून डेअरीशी भांडतो, त्याला घनमीटरला किती मायक्रोग्रॅम हे कळणार नाही असे म्हणणे हे अधिकाऱ्यांच्या वर्गाला शोभते. घबराट होते ती वासाने आणि खोकल्याने, आकड्याने नव्हे.

कामाची सुरुवात कशी करावी हे तालुक्यातालुक्यातल्या परिस्थितीवर अवलंबून राहील. चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई आणि तारापूर ही पाच क्षेत्रे केंद्रीय मंडळाने २००९ च्या पाहणीत अतिप्रदूषित ठरविली होती. चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ होता आणि देशात तो चौथा होता. तेथील शाखांनी प्रथम ५१ व्या कलमाखालची नोंदवही पाहण्याची लेखी मागणी करावी. प्रत्येक कारखाना ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला सादर करण्यास बांधलेला आहे. कच्चा माल किती, पाणी किती, प्रदूषण किती हे त्यात असते. ज्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण-मंजुरी मिळाली, त्यांचे सहामाही अनुपालन अहवाल हे त्या अधिसूचनेप्रमाणेच सार्वजनिक दस्तऐवज आहेत. ते दर वर्षी १ जून व १ डिसेंबरला द्यावयाचे असतात. हे तीन कागद एका कारखान्यापुरते मिळवावेत, एकच कारखाना निवडावा, आणि त्याच महिन्यापासून शेजारच्या दहा घरांतून वासाची रोजनिशी सुरू करावी. कार्यालयाने तोंडी नकार दिल्यास माहिती अधिकाराखाली अर्ज टाकावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.